पूल आला, मामी

जालना जिल्ह्यात डिझेल पिणाऱ्या गाड्या गावोगाव आहेत, आणि त्यांच्यावर बायकापोरांपेक्षा जास्त जीव लावणारी माणसंही काही कमी नाहीत. पण दिवसाढवळ्या, चांगल्या शुद्धीवर असताना, गाडीतल्या रिकाम्या सीटची मनधरणी करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका आमचा साडू निघावा हे माझं नशीब! साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीर्थपुरीला त्यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे, मोसंबीची बाग आहे, थोडा ऊस आहे, आणि आवाज असा आहे की दुकानात बसून चहा सांगितला तर बसस्टँडवरची माणसं वळून बघतात. मी जालन्याला शाळेत विज्ञान शिकवतो. भूतबित काही नसतं, हे मी दर वर्षी सातवीच्या वर्गाला ठणकावून सांगत असे. साडूंच्या गाडीत बसायला लागल्यापासून जरा हळू सांगतो.

गाडी पांढरी, उंच, सात जणांची. माझ्यासारख्या ठेंगण्या माणसाला वरची दांडी धरून लोंबकळल्याशिवाय आत जाता येत नाही. साडू सकाळी गाडी चालू करून बॉनेटशी कान नेऊन उभे राहतात, आणि “बराबर बोलून राह्यली” असं म्हटल्याशिवाय तोंडाला चहा लावत नाहीत. मी एकदा विजेवरच्या गाडीचं कौतुक केलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, “साडू, आवाजच न्हाई तर मंग चालू हाये का बंद हाये ते कळावं कसं? माणूस घोरत असलं की जित्तं हाये हे तर कळतंय!” कुठेही पोचलं की इंजिन लगेच बंद करायचं नाही, हा त्यांचा आणखी एक कायदा. “पळून आलीय, दम घेऊ द्या,” म्हणायचं आणि गाडी घरघरत ठेवून आत बसायचं. तोवर कुणी उतरायचं नाही. घनसावंगीच्या एका लग्नात मांडवात मंगलाष्टकं चालू झाली तरी आम्ही बाहेर गाडीतच. अक्षता वाटणाऱ्यानं काचेतून अक्षता दिल्या, आणि आम्ही त्या काचेतूनच टाकल्या. त्यातल्या निम्म्या एका बँडवाल्याच्या डोक्यावर पडल्या.

त्यात या नव्या डिझेल गाड्यांना एक दुखणं असतं. दुकान ते बाग, बाग ते दुकान अशी जवळच्या जवळ फिरवली की आत काजळी साठते आणि समोर पिवळा दिवा लागतो. मग तिला मोठ्या रस्त्यावर लांबवर पळवायची, म्हणजे काजळी आपोआप जळून जाते. शोरूमवाल्यानं हे सांगितलं आणि साडूंनी ते व्रतासारखं धरलं. जेवताना, हिशेबाला बसताना, पाहुण्यांसमोर, कधीही उठायचे, “काजळी जाळून येतो” म्हणायचे आणि जायचे. कुणी अडवायची सोय नाही, कारण गाडीच्या तब्येतीचा प्रश्न.

पण या गाडीला खरी शोभा आली ती मामींमुळे. मामी म्हणजे आम्हा दोघांच्या सासूबाई. सासरे गेल्यावर त्या जाफराबादकडच्या आपल्या खेड्यात एकट्याच राहायच्या. मुलगा नाही, दोन मुलीच. गाडी नवी असताना साडू त्यांना तीर्थपुरीला आणायला मोठ्या हौसेनं गेले. मामी बसल्या, गाठोडं मांडीवर घेतलं, गावच्या फाट्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “थांबवा.” उतरल्या, गाठोडं बगलेत मारलं आणि आल्या वाटेनं गावाकडे चालू लागल्या. साडू मागून गाडी रिव्हर्स घेत विचारतायत, “मामी, झालं काय?” तर म्हणाल्या, “लेकीच्या घरी लेक न्यायला आल्याबिगर मी पाय ठेवायची न्हाई. जावयाचं काय, जावई कोणालाबी गाडीत बसवतेत!” पुढच्या आठवड्यात थोरली, म्हणजे आमच्या ताई, स्वतः गेल्या, तेव्हा कुठे मामी आल्या. आल्या त्या मग कायमच्या राहिल्या.

मामींना गाडी लागायची. ड्रायव्हरच्या मागच्या रांगेत, डावीकडच्या खिडकीला त्यांची सीट. काच खाली, हातात लिंबू, आणि ते सारखं नाकाशी. त्यांची अट अशी की वळण, गतिरोधक, पूल, फाटा, काहीही यायच्या आधी सांगायचं. सांगितलं की पोट धरून बसता येतं, न सांगता आलं की ढवळतं. झालं! साडूंचा तो आवाज आणि आमचे ते रस्ते. “मामी, वळण आलं!” “दिसतंय मला. आंधळी हाये का मी?” “मामी, पूल आला!” “दिसतंय मला.” दिसतंय तर सांगायला का लावता, हे विचारायची छाती साडूंचीही नव्हती. शिवाय मामी पट्टा लावून घ्यायच्या नाहीत. “बांधून कामून ठेवता? मी काय बाजाराला चालवलेली शेळी हाये?” आणि सीट अशी इमानी की बसलेल्यानं पट्टा लावला नाही तर गाडी ओरडायची, टिंग, टिंग, टिंग. मी सुचवलं की पट्टा पाठीमागून अडकवून ठेवा, आवाज बंद होईल. साडू म्हणाले, “गाडीला फसवायचं न्हाई.” त्यामुळे तीर्थपुरी ते जालना टिंग टिंग, त्यावर साडूंची आरोळी, त्यावर मामींचं “दिसतंय मला”. मी उतरलो की तासभर कान चोळत असे. आणि हे दोघं मात्र कसे ताजेतवाने! एकमेकांशी भांडल्याशिवाय त्यांना प्रवास झाल्यासारखाच वाटायचा नाही.

मामी जालन्याच्या दवाखान्यात वारल्या. उन्हाळा होता, सकाळचं ऊन चढत होतं. शववाहिनी दारात लागली होती. साडूंनी ती हातानंच परत पाठवली. “न्हाई. मामीला दुसऱ्याची गाडी लागती.” माझी बायको हे ऐकून हसली आणि हसता हसताच मोठ्यानं रडायला लागली. शेवटी याच गाडीच्या उजवीकडच्या सीटा पाडून मामींना आडवं केलं. डाव्या सीटवर माझी बायको आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली, मी मागे पाय दुमडून, आणि पुढे साडूंच्या शेजारी मामींचे एक म्हातारे दीर. निघताना ते म्हणाले, “जावाई, माणूस असं घरी नेताना वाट सांगत न्यावं लागतंय. शीव आली, फाटा आला, पूल आला, चला, असं म्हणत जा. न्हाई सांगितलं की माणूस तिथंच उभं राहतंय, अन् पुढं नुसतं मढं जातंय.” ही रीत साडूंना नव्यानं शिकवायची गरजच नव्हती. वर्षानुवर्षं ते दुसरं काय करत होते? फक्त आता आवाज बारीक होता. “मामी, वळण आलं, चला.” “मामी, फाटा आला, चला.” मागून ‘दिसतंय मला’ येत नव्हतं, आणि दर वेळी साडू उत्तरासाठी क्षणभर थांबत होते. ते थांबणं मला ऐकवेना.

दुधना नदीचा पूल आला आणि फोन वाजला. गाडीतल्या स्पीकरवर ताईंचा आवाज भरून राहिला, “कुठवर आले हो? आईला उन्हाचं नका ठेवू. आई...” पुढे नुसतं रडू. साडू “आलोच, आलोच” म्हणत राहिले, आणि त्या रडण्यात पूल मागे पडला. चांगला लांब मागे पडल्यावर साडूंनी कचकन ब्रेक मारला. “अरे देवा! पूल! सांगायचा राह्यला पूल!” ते गाडी वळवायला लागले, तर म्हाताऱ्यानं स्टेअरिंगवर हात ठेवला. “मढ्याची गाडी उलटी फिरवायची न्हाई.” पुढच्या फाट्यावर साडूंनी गाडी बाजूला घेतली. मग आम्हाला म्हणाले, “हे घरी बोलायचं न्हाई. आपल्या फोनमुळं आई वाटंत राह्यली म्हणून जलमभर खाईल ती सवताला.” आम्ही शब्द दिला. मघाचा फोन कधी बंद झाला होता, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. माणसं हात जोडजोडून शब्द द्यायला लागली. मुलींना अंतर देणार नाही, झालं. मोसंबीची बाग मोडणार नाही, झालं. एका भाच्यानं तर तंबाखू सोडतो म्हणून सांगितलं आणि बायकोकडे बघून लगेच पस्तावला. कावळे झाडावर बसून आमच्याकडे बघत होते, एक खाली येईना. साडू तेवढे हात जोडत नव्हते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “इथं कशाला येतील कावळे? मामी हायेत का इथं?” शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

त्यानंतर साडूंची काजळी फार साठायला लागली. दर दोनचार दिवसांनी भर दुपारी गाडी काढायचे आणि एकटेच जायचे. ताई म्हणायच्या, “गाडीला झालंय तरी काय? इतकी काजळी तर माझ्या चुलीला नव्हती धरत.” एकदा जालन्याला आले आणि मला ओढून बरोबर घेऊन गेले. मी समोर नीट बघितलं, पिवळा दिवा लागलेलाच नव्हता. पुलावर गाडी थांबली. वैशाखातलं ऊन, नदीत पाण्याचा थेंब नाही, रस्त्यावर ना जीप ना एसटी. दूर डांबर पाण्यासारखं हलत होतं. साडू उतरले, डावीकडचं मागचं दार उघडून अदबीनं बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, “मामी, पूल आला. चला.” वारा अजिबात नव्हता. दाराचा पत्रा उन्हात तडतडला तेवढाच. साडूंनी लुगड्याचा सोगा अडकू नये म्हणून दार हळू लावतात तसं दार लावलं, येऊन बसले आणि गाडी सुरू केली. आणि मागे सुरू झालं, टिंग, टिंग, टिंग.

मी मान वळवली नाही. मी विज्ञानाचा शिक्षक आहे, आणि मी मान वळवली नाही! “उन्हानं वायर तापत असेल,” मी म्हणालो. साडू म्हणाले, “शोरूमला दाखवून आल्तो. वायर बराबर हाये.” मग मोठ्यानं, “मामी, वळण आलं.” टिंग, टिंग. गाडीत एकदम लिंबाचा वास आला. वास लिंबाचाच होता, तेवढं मी शपथेवर सांगेन. पुढचा फाटा आला, ज्या फाट्यावर त्या दिवशी आम्ही थांबलो होतो तो, आणि आवाज टपकन थांबला. साडूंनी एक सुस्कारा सोडला. “बघा. दर खेपंला हेच. पुलावर बसत्यात, अन् फाट्याला उतरून जात्यात. रुसल्यात.” मी विचारलं, “कशावर?” तर म्हणाले, “तेच तर सांगत न्हाईत ना! वर्षश्राद्धाला नाव घेऊन बोलावणार आपण, अन् मामी तिकडं पुलावर उन्हात उभ्या. वर्ष भरायच्या आत घरी न्यायला पायजे, साडू. लेकीचा उंबरा लागला पायजे त्यांना.” मला भीतीही वाटत होती आणि त्यांना मिठी मारावीशीही वाटत होती. दोन्हीपैकी एकही धड जमलं नाही.

त्यांनी काय काय केलं नाही! सीटवर नवी गादी टाकली. मामींना आवडायची म्हणून मेथीची भाजी डब्यात घालून नेली. गाडी इतकी हळू चालवली की मागच्या बैलगाडीवाल्यानं शिव्या दिल्या. माफी मागितली, रागावून बघितलं, “मामी, आता हद झाली हां!” असं म्हणून बघितलं. फाटा आला की टिंग टिंग बंद. आमच्या घरात माझी बायको दर वेळी विचारायची, “आली का आई?” आणि मी नाही म्हणून मान हलवायचो. हे असलं संभाषण आपण दोन शिकलेली माणसं करतोय, याचं नंतर नंतर आम्हाला काही वाटेनासं झालं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी साडू आणि ताई जालन्याला सामान घ्यायला आले, आणि परतताना आम्ही दोघं त्यांच्याबरोबर निघालो. ताई पुढे, माझी बायको साडूंच्या मागे, आणि मला पार शेवटच्या रांगेत पत्रावळ्या आणि मोसंबीच्या जाळ्यांमध्ये कोंबलं, कारण डावीकडची सीट कुणाला द्यायचीच नव्हती. साडू आज आरोळ्या देत नव्हते. ताई शेजारी असताना पुलावर थांबणार कसे? पूल दिसायला लागला तशी त्यांनी गाडी हळू केली, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले आणि पुढे जायला लागले. तेवढ्यात ताई म्हणाल्या, “थांबवा.”

साडूंनी थांबवली. ताई उतरल्या, पदर डोक्यावर नीट घेतला, मागचं डावीकडचं दार उघडलं. “इथंच ना?” त्यांनी विचारलं. साडूंनी मान डोलावली. ताई म्हणाल्या, “सांगायचा राह्यला पूल, असं तुमी वरडले ते फोनात ऐकलं मी. तवापासून ठावं हाये मला. तुमाला अजून वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई.” वर्षभर एकाच घरात, एकाच ताटलीत भाकरी मोडून, दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते! मग ताई त्या मोकळ्या, कोरड्या नदीकडे वळल्या आणि घरात हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणाल्या, “आई, मी फोन केल्ता. माझं चुकलं. तुझा जावई एकटा येतोय म्हणून तू येईना का? मी आले बघ न्यायला. चल घरी.” दार थोडा वेळ उघडं ठेवलं, लावलं, आणि पुढे येऊन बसल्या.

टिंग, टिंग, टिंग. माझी बायको त्या सीटपासून हातभर अंतरावर होती. ती भ्यायली नाही, तिनं फक्त आपला पदर आवरून जागा करून दिली. “मामी, वळण आलं,” साडू म्हणाले. फाटा जवळ आला. फाटा आला, मागे पडला, आणि टिंग टिंग चालूच राहिलं. साडू रडत गाडी चालवत होते आणि रडता रडता पुढचा प्रत्येक गतिरोधक, प्रत्येक मोरी, प्रत्येक वळण सांगत होते. अंबड गेलं, रस्ता अरुंद झाला, ऊस आला, तीर्थपुरी आली. दारात गाडी उभी राहिली. साडू सवयीनं म्हणाले, “दम घेऊ द्या,” आणि आम्ही सगळे इंजिनाची घरघर ऐकत बसून राहिलो. मग ताईंनी मागचं दार उघडलं. “उतर आई. पायरी उंच हाये, जपून.” आवाज थांबला.

मी काही सिद्ध करायला निघालेलो नाही. वायर असेल, ऊन असेल, जाळीतली मोसंबी घरंगळून सीटवर गेली असेल. माझ्या बायकोला मी हे सगळं सांगितलं आणि तिनं ऐकूनही घेतलं. दुसऱ्या दिवशी श्राद्ध नीट झालं, साडू पोटभर जेवले आणि दुपारी गाढ झोपले. ताई म्हणाल्या, वर्षात पहिल्यांदा.

परवा साडू जालन्याला आले. आल्या आल्या म्हणाले, “चला, काजळी जाळून येऊ,” आणि या वेळी पिवळा दिवा खरंच लागला होता. आम्ही निघालो. गाडी झकास चालली होती, इंजिन बरोबर बोलत होतं, साडू मात्र बोलत नव्हते. पूल आला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. आम्ही न थांबता पलीकडे गेलो. बऱ्याच वेळानं म्हणाले, “घरी पोचवलं मामीला, बरं झालं. पर गाडी लई रिकामी झाली हो, साडू. कोणासाठी सांगावं आता?” त्यांनी गाडी एका कडुलिंबाखाली घेतली, खाली मान घालून जरा घुटमळले, आणि लाजत लाजत म्हणाले, “एक काम करता का? मागं डावीकडं बसता? अन् पट्टा नका लावू.”

मी उतरलो, मागे गेलो, दांडी धरून वर चढलो, काच खाली केली. गाडी हलली आणि टिंग, टिंग, टिंग सुरू झालं. साडूंनी पाठ सरळ केली, आरशात एकदा बघितलं, आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा त्या जुन्या आवाजात ओरडले, “वळण आलं बरं का!”

“दिसतंय मला,” मी म्हणालो. “आंधळा हाये का मी?”